लिहिलं किती आणि पोटात गेलं किती

लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "तुमी काय करता?" आणि मी आहारतज्ज्ञ आहे असं सांगितलं, की समोरच्या बाईचा हात गुलाबजामकडे जाता जाता थांबतो. मग ती आपल्या गुडघ्यांविषयी बोलायला लागते. एकतीस वर्षं मी हे पाहत आले. खरं तर एवढ्या वर्षांत बारीक होण्याचा सल्ला मी फार थोड्यांना दिला असेल. माझी नोकरी भिलाईतल्या एका मोठ्या इस्पितळात होती आणि तिची शेवटची पंधरा-सोळा वर्षं अतिदक्षता विभागात गेली. माझी गिऱ्हाइकं डोळे मिटून पडलेली असायची. भूक लागली म्हणून त्यांना सांगता येत नसे, आवडलं नाही म्हणून ताट सरकवता येत नसे. नाकातून पोटापर्यंत गेलेल्या एका बारीक नळीतून त्यांना काय द्यायचं, किती आणि कोणत्या वेगानं, हे मी ठरवायची. वॉर्डातले लोक मला 'खिचडीवाली मॅडम' म्हणत. नळीतून खिचडी जात नाही हे मी सुरुवातीला समजावून सांगे. पुढे सोडून दिलं.

जबर मार बसलेला माणूस गादीवर निपचित दिसतो, पण त्याच्या शरीरात तेव्हा भयंकर काम चाललेलं असतं. जखमा भरायच्या असतात, रक्त नव्यानं तयार करायचं असतं, तापाशी झुंजायचं असतं. या सगळ्याला अन्न लागतं. ते बाहेरून मिळालं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. आधी दंड-मांड्या जातात, मग छातीचे, श्वास ओढणारे स्नायू. म्हणून अशा माणसाला, रक्तदाब जरा सावरला की एक-दोन दिवसांतच नळीतून थोडं थोडं द्यायला सुरुवात करायची असते. ऐकायला सोपं वाटतं. पण या कामात लिहिलेलं आणि पोटात गेलेलं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कागदावर मी दीड लिटर लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर बाटलीतलं निम्मंही सरलेलं नसायचं.

नातेवाइकांच्या गमती तर विचारू नका. एकदा एका म्हाताऱ्याच्या मुलानं सिस्टरची नजर चुकवून नळीत घरचं तूप ओतलं होतं. एसीच्या गारव्यात ते असं थिजलं की नळीच बदलावी लागली. "बाबूजी कमजोर हो गए थे," एवढंच तो म्हणाला. त्याच्यावर मी ओरडले. आज वाटतं, ओरडायला नको होतं. पोटात काहीतरी चांगलं जावं, हीच तर माझीही धडपड होती. आणि त्या धडपडीत मी स्वतः जे करून बसले, ते तुपापेक्षा मोठं होतं.

नवरात्र सुरू होतं. आमच्याकडं नवरात्रात डोंगरगडची वाट माणसांनी भरून जाते. भिलाई-दुर्गहून लोक अनवाणी चालत देवीला जातात. रस्त्याच्या कडेनं मंडप, पाणी, पाय चेपून देणारी पोरं. अष्टमीच्या आदल्या दिवशी सकाळी राजनांदगावच्या अलीकडं एक ट्रक त्या कडेवर चढला आणि टेकचंद रहांगडाले त्याच्या चाकाखाली आले. वय सेहेचाळीस. एका वर्कशॉपमध्ये वेल्डर, घर भिलाईतल्याच कोहक्यात. कंबरेचं हाड मोडलं होतं आणि डाव्या मांडीवरची कातडी कंबरेपासून गुडघ्यापर्यंत सोलून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पाहिलं. व्हेंटिलेटरवर होते. तळपायांना मोठमोठे फोड आले होते, काही फुटलेले. डोंगरगडच्या वाटेवरचे पाय भिलाईत कुणालाही ओळखू येतात. मी मनातल्या मनात देवीला हात जोडले आणि त्यांच्या बायकोला भेटायला बाहेर आले.

निर्मलाबाई बाकावर बसल्या होत्या. उंच, सडसडीत बाई. रडून झालं होतं. माझ्याकडं छापील फॉर्म होता. वजन, उंची, शुगर, कुठल्या पदार्थाची ॲलर्जी, मांसाहार करतात की नाही. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या.

"जेवण कसं आहे त्यांचं?"

"चांगलं हाये. दोन टाइम भात लागते त्याइले. कामच तसं हाये ना."

त्यांची बोली ऐकून मी फॉर्म बाजूला ठेवला. "गाव कोणतं तुमचं?"

"आमगावजवळ."

"अहो, माझं माहेर सालेकसा!"

मग आम्ही दोघी गोंदियाकडच्या झालो. तिकडचं पीकपाणी, कोणाची सोयरीक कुठं. परमुलखात आपल्या भाषेचं माणूस भेटलं की जीव हलका होतो, आणि त्या बाईला तेव्हा त्याची गरज होती असं मला वाटलं. दहा मिनिटं आम्ही बोललो असू. त्या दहा मिनिटांत एक प्रश्न मी विचारला नाही.

आमचे सर्जन डॉक्टर दास. हात सोन्याचा, तोंड फटकळ. टेकचंदभाऊंची जखम ते एक दिवसाआड ऑपरेशन थिएटरात नेऊन भूल देऊन साफ करत. भूल द्यायची म्हणजे आधी पोट रिकामं हवं. म्हणून आदल्या रात्रीपासून नळी बंद. सकाळी नंबर लागायचा, तोच दुसरी कुठलीतरी जास्त घाईची केस यायची. दुपार व्हायची. परत आल्यावर 'जरा स्थिर होऊ द्या' म्हणून संध्याकाळपर्यंत नळी बंदच. मधल्या दिवशी स्कॅन, त्यासाठी पुन्हा बंद. एकदा कूस बदलताना नळीच निघून आली. नवी घातली, पण ती पोटातच आहे की श्वासनळीत गेली हे एक्स-रे काढून पाहिल्याशिवाय काही सोडता येत नाही, आणि एक्स-रेवाल्याला यायला चार तास लागले. यात कुणाची एकाची चूक नव्हती. प्रत्येकाकडं थांबवायला कारण होतं.

मी मात्र रोज बाटल्या मोजत होते. आठव्या दिवशी सकाळी बेरीज केली. आठ दिवसांत या माणसाच्या पोटात जेमतेम दोन दिवसांचं अन्न गेलं होतं.

त्याच सकाळच्या राउंडला डॉक्टर दास म्हणाले, "ग्राफ्ट पुढे ढकला. जखम फिकी आहे. यावर कातडी धरणार नाही."

"डॉक्टर, उपाशी माणसाची जखम फिकीच राहणार," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवली. "मॅडम, मैं यहाँ जान बचा रहा हूँ. पेट बाद में."

माझा आवाज चढला. सगळ्यांसमोर. मी माझा कागद त्यांच्या हातात कोंबला. "हे वाचा. याला लिहून दिलं किती आणि गेलं किती. व्हेंटिलेटरची नळी घशात असलेला माणूस, श्वासनळी सुरक्षित आहे, तरी दर वेळी अख्खी रात्र कशाला उपाशी ठेवायचं? भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपण एकदा तरी विचारलं का?"

ते बराच वेळ वाचत राहिले. सिस्टर लीलाम्मा औषधाची ट्रॉली घेऊन तशाच थांबल्या. मग डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात टाकला.

"ठीक है. आजपासून नळी तुमच्या सांगण्याशिवाय बंद होणार नाही. आणि मागचं राहिलंय ते भरून काढा."

तोवरच्या नोकरीत कुठल्याही सर्जननं मला असं म्हटलं नव्हतं. मी वॉर्डातून बाहेर पडले तेव्हा माझी पावलं जमिनीवर नव्हती. त्या भरात मी चार्ट लिहिला. दुपारपर्यंत निम्मा वेग, संध्याकाळपर्यंत पूर्ण, उद्यापासून पूर्णाच्याही वर. इतर कुणा पेशंटला मी दोन-तीन दिवस घेऊन वाढवलं असतं. इथं मला सिद्ध करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाटल्या पूर्ण रिकाम्या झाल्या. मी खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी आले तर लीलाम्मा सिस्टर पलंगाशी उभ्या होत्या. केरळच्या बाई, वीस वर्षं याच विभागात काढलेल्या. कमी बोलत.

"मॅडम, ये परसों मेरा हाथ दबाता था. आज उँगली भी नहीं उठा रहा."

मी टेकचंदभाऊंचा हात हातात घेतला. "भाऊ, दाबा बरं माझा हात." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. कळत होतं त्यांना. पण बोटं हलली नाहीत. पावलं सुजली होती. दोन दिवसांपूर्वी व्हेंटिलेटरचा आधार काढून पाहिला तेव्हा दोन तास स्वतःचा श्वास घेतला होता. आज दहा मिनिटांत घामाघूम झाले.

डॉक्टर दासांना वाटलं, जंतुसंसर्ग पसरतोय. रक्ताचे नमुने गेले, अँटिबायोटिक बदललं. विचार बरोबरच होता. पण मागं उभ्या उभ्या मला दुसरंच आठवत होतं. असं चित्र मी पुस्तकात वाचलेलं होतं.

ते थोडक्यात असं. माणूस बरेच दिवस उपाशी राहिला की शरीर आपला सगळा कारभार आवरतं घेतं. त्यात अचानक भरपूर अन्न आलं, की ते पचवायला पेशी रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं आत ओढून घेतात. रक्तात ते उरतच नाही. मग स्नायूंमधली शक्ती जाते, श्वासाचा स्नायू थकतो, हृदयाचा ठोका चुकायला लागतो. उपाशी माणूस जेवणानं मरू शकतो तो असा. पण त्यासाठी उपास लांबलचक लागतो. टेकचंदभाऊंच्या पोटात तर रोज थोडं थोडं जात होतं. दोन वेळा भात खाणारा कामगार माणूस. आठ दिवसांत इतकं व्हायला नको होतं.

मी जवळजवळ पळतच बाहेर गेले. निर्मलाबाई त्याच बाकावर होत्या, शेजारी त्यांचा भाऊ महेश. भिलाई-३ ला राहायचा, सुट्टी काढून आला होता.

"निर्मलाबाई, अपघात झाला त्या दिवशी ते काय जेवले होते?"

त्यांनी मी वेड्यासारखं विचारत असल्यागत पाहिलं. "काही नाही. उपास होता ना."

"त्या दिवसाचा?"

"नवरात्राचा. घट बसले तवापासून नुसत्या पाण्यावर होते. दरसाल करतात. देवीच्या पायावर डोकं ठेवूनच सोडतात."

मी दिवस मोजले. म्हणजे आमच्याकडं आले तेव्हाच आठवडाभराचे उपाशी होते, वर इतकी चाल. आणि त्यावर आमचे आठ-नऊ दिवस.

"कावून नाही सांगितलं तुमी मले?" माझ्या तोंडून माहेरची बोली निघून गेली. आवाजही कडक होता.

त्या उठून उभ्या राहिल्या. "तुमी कावून नाही विचारलं? तुमी विचारलं, जेवण कसं हाये. मी सांगितलं, चांगलं हाये. उपास केला का, हे विचारलंच नाही तुमी. पाय तर पायले असतीन ना त्याइचे?"

पाहिले होते. पाहून हातही जोडले होते.

आत येऊन मी डॉक्टर दासांना म्हणाले, "नळीचा वेग आत्ता, या मिनिटाला, चौथाईवर आणा. आणि फॉस्फरस तपासायला पाठवा."

"दो दिन पहले आप लड़ रही थीं खिलाने के लिए!"

"लढले होते. भरवायला हवं होतंच, पण असं नाही. माझी चूक झाली, डॉक्टर." मी उपासाचं सांगितलं.

त्यांनी लगेच पंपाकडं बोट केलं. लीलाम्मांनी पंप फिरवला. लॅबला रक्त गेलं. तेवढ्यात मॉनिटरवरच्या रेषेनं दोन-तीन वेड्यावाकड्या उड्या मारल्या, मग पुन्हा सरळ चालायला लागली. आम्ही तिघंही तिच्याकडं पाहत राहिलो. पाच मिनिटांनी पुन्हा तसंच, या वेळी जरा जास्त वेळ.

लॅबमधून फोन आला. "मॅडम, सॅम्पल दोनदा लावलं. इतकं कमी येऊन राहिलं की आमाले वाटलं मशीन बिघडली."

पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची इंजेक्शनं हाताशी होती, ती सुरू झाली. बी जीवनसत्त्वाचं दिलं. फॉस्फरसचं इंजेक्शन मात्र आमच्या फार्मसीत नव्हतं. क्वचित लागतं, म्हणून कुणी ठेवत नाही. महेशला चिठ्ठी दिली. तो दुर्गला गेला, तिथून फोन आला, इथं नाही. रायपूरला निघाला. अकरा वाजले होते.

ती दुपार मी विसरू शकत नाही. ठोका सहा वेळा चुकला. एकदा लीलाम्मांनी शॉकचं यंत्र ओढून पलंगाला लावून ठेवलं, पण वापरायची वेळ आली नाही. माझं तिथं काही काम नव्हतं. नळीचा वेग कमी करून झाला होता, आता जे करायचं ते डॉक्टर करत होते. तरी मला तिथून हलता येईना. मग मी हलले, आणि बाहेर निर्मलाबाईंकडं गेले.

त्यांच्या शेजारी बसून मी सगळं सांगितलं. उपासाचा प्रश्न मी विचारायला हवा होता. त्यानंतरही, मी नेहमीसारखं हळूहळू वाढवलं असतं तर कदाचित हे झालं नसतं. घाई मी केली. डॉक्टरांनी नाही, सिस्टरनी नाही.

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंग आता पुढं त्याइचं खानपान कोन पाहीन? दुसरं कोनी येईन का?"

"तुम्ही म्हणाल तर दुसऱ्या मॅडमना सांगते. मी डॉक्टरांशी बोलते."

"नाही. तुमीच पाहा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "दुसरी येईन ते पुन्हा घाई करीन. तुमी आता नाही करनार."

महेश चारच्या सुमारास आला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, हातात बर्फाच्या पिशवीत जपून आणलेली सहा इंजेक्शनं. त्याला बर्फाची गरज नव्हती, पण ते त्याला कुणी सांगितलं नाही. ते औषध भराभर देता येत नाही, तासन्‌तास थेंबथेंब द्यावं लागतं. संध्याकाळी रेषा जरा शांत झाली. त्या दिवशी मी घरी गेले आणि माझ्यासमोर वाढलेलं ताट तसंच ठेवून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी रक्त थोडं सुधारलं. तिसऱ्या दिवशी लीलाम्मांनी मला लांबूनच बोलावलं आणि टेकचंदभाऊंचा हात माझ्या हातात दिला. दाब अगदी थोडा होता. तान्ह्या बाळाच्या मुठीइतकाही नाही. पण होता.

पुढचे आठ दिवस मी नळीचा वेग मुंगीच्या पावलानं वाढवला. रोज रक्त तपासायचं, मग वाढवायचं. डॉक्टर दास एकदाही 'लवकर करा' म्हणाले नाहीत. थिएटरात न्यायच्या आधीचा उपास मात्र त्यांनी कमी करून घेतला, तो माझा कागद दाखवून. व्हेंटिलेटर सुटला. मांडीवरची कातडी दुसऱ्या प्रयत्नात धरली. दीड महिन्यानं ते घरी गेले तेव्हा डावा पाय थोडा आखूड राहिला होता आणि वजन इतकं उतरलं होतं की महेशनं त्यांना एकट्यानं उचलून गाडीत ठेवलं.

आमचा फॉर्म मी बदलून घेतला. वजन-उंचीच्याही आधी आता प्रश्न येतो, 'शेवटचं पोटभर जेवण कधी झालं?' माझ्यानंतर आलेल्या मुलींना मी तो प्रश्न नातेवाइकांना दोन वेगवेगळ्या पद्धतीनं विचारायला लावायची. उपास, रोजा, दारू, दात दुखणं, घरातलं भांडण, सगळं विचारा म्हणायची. त्या कंटाळायच्या. माझ्या हातून वाचलेली माणसंही पुष्कळ आहेत, आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा पेन त्यांच्याकडं गेलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी कोहक्यातच राहायला आले. रविवारच्या भाजीबाजारात टेकचंदभाऊ अधूनमधून भेटतात. काठी टेकत येतात, आता बरे भरलेत. वर्कशॉप सुटलं, घरीच ग्रिलची लहानसहान कामं करतात. मला पाहिलं की लांबूनच हाक मारतात आणि जो कुणी भाजीवाला समोर असेल त्याला सांगायला लागतात.

"ये मैडम को पहचानते हो? इन्होंने मेरे को खिला-खिला के जिंदा किया. डॉक्टर लोग तो छोड़ दिए थे."

डॉक्टरांनी सोडलं नव्हतं. मी मागच्या रविवारीही सांगायला गेले, "तसं नाही हो टेकचंदभाऊ, तेव्हा खरं तर माझीच..."

निर्मलाबाई शेजारी खाली बसून भेंडी निवडत होत्या. नवऱ्याला त्यांनी कधी सांगितलंय की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी वर न पाहता एक भेंडी टोकाशी मोडली, माझ्यापुढं धरली आणि म्हणाल्या, "कवळी हाये, मॅडम. घेऊन घ्या."

मी अर्धा किलो घेतली.